आनंदराव धुळप : विजयदुर्गचा आरमार-सुभा

बंगळूर हे शहर समुद्रापासून शेकडो मैल आत, सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर वसलेले आहे. शहाजीराजांची ती जहागीर. थोरल्या संभाजीराजांचे आणि व्यंकोजींचे तेथे वास्तव्य झाले. पुढे व्यंकोजींच्या हातून ते गेले, म्हैसूरच्या वोडेयारांकडे आले आणि १७५८ मध्ये हैदरअलीला जहागीर म्हणून मिळाले. हैदराने केंपेगौडाच्या जुन्या मातीच्या किल्ल्याच्या जागी दगडी तट उभारला. १७८० मध्ये हैदर आणि इंग्रज यांच्यात दुसरे युद्ध पेटले तेव्हा इंग्रज कैदी ज्या किल्ल्यांत ठेवले जात, त्यांत श्रीरंगपट्टण आणि चित्रदुर्ग यांच्या जोडीला बंगळूरही होते. अशा या शहराचा एखाद्या दर्यावर्दी सरदाराच्या चरित्राशी संबंध असावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तरीपण म्हैसूरच्या त्या युद्धातील एक प्रकरण पठारावर घडले नाही, घाटातही घडले नाही. ते कोकणच्या किनाऱ्याजवळ, विजयदुर्गाच्या टापूत घडले, आणि ते घडविणारा पुरुष होता पेशव्यांच्या आरमाराचा सुभेदार आनंदराव धुळप.

कान्होजी आंग्र्यांचे नाव मराठी मुलांना शाळेत ठाऊक होते. धुळपांचे नाव मात्र कोकणाबाहेर फारसे कोणाच्या ओठी नाही. याचे एक कारण असे की, धुळप ज्या आरमाराचे प्रमुख झाले त्याचा जन्मच एका अप्रिय घटनेतून झाला, आणि त्या घटनेची आठवण काढणे मराठी मनाला आजही जड जाते. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या मुलांत तंटे माजले, कुलाबा आणि विजयदुर्ग अशा दोन शाखा झाल्या. विजयदुर्गच्या तुळाजी आंग्र्याचे आणि नानासाहेब पेशव्यांचे जमेना. तुळाजी पुण्याची सत्ता मानीत नव्हता, हे खरेच. परंतु त्याचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांना हाताशी धरले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर उभे राहिले. जमिनीवरच्या फौजेबरोबर क्लाइव्ह होता. तोफांच्या भडिमारात आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली, एकावरून दुसऱ्यावर ती पसरली, आणि दोन पिढ्यांच्या मेहनतीने उभे राहिलेले आरमार बंदरातच जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इंग्रजांनी तो काही महिने आपल्याकडेच ठेवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बाणकोट आपल्याकडे ठेवून तो पेशव्यांच्या हवाली केला.

किल्ला मिळाला, पण त्याच्या आश्रयाने राहणारी जहाजे नाहीशी झाली होती. तेव्हा पेशव्यांना आपले स्वतःचे आरमार नव्याने उभारावे लागले. विजयदुर्ग हे त्याचे ठाणे झाले. याच ठाण्याची सुभेदारी माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत आनंदराव धुळपांकडे आली आणि पुढे तीस वर्षांच्या आसपास ती त्यांनी सांभाळली. धुळप घराणे आपले मूळ जावळीच्या मोऱ्यांशी जोडते. घाटमाथ्यावरच्या कुळातला माणूस खाऱ्या पाण्याचा सरदार व्हावा, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. शिवाजीमहाराजांनी आरमाराचा पाया घातल्यापासून कोळी, भंडारी, गाबीत, दालदी या जातींचे जन्मजात खलाशी आणि त्यांच्यावर नेमलेले लढवय्ये सरदार, अशीच त्या खात्याची घडण होती.

विजयदुर्ग हे ठिकाण आरमारासाठी किती सोयीचे आहे, हे नकाशा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. वाघोटणची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे एका उंचवट्यावर हा किल्ला तीन बाजूंनी पाण्यात उभा आहे. खाडीचे मुख किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात येते. आत मात्र पाणी खोल आणि शांत असते. पश्चिम किनाऱ्यावरची खरी शत्रुसेना म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस. आगोटीला, म्हणजे ज्येष्ठ महिन्याच्या तोंडाशी, समुद्र खवळला की सारी गलबते खाडीत येत, किनाऱ्यावर ओढून शाकारली जात. नारळी पौर्णिमा होऊन वारा फिरला म्हणजे ती पुन्हा पाण्यात लोटीत. खाडीत आत गिऱ्ये गावाजवळ खडक खोदून केलेली गोदी आहे. तिची लांबी सुमारे साडेतीनशे फूट. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, ओहोटीला ते कोरडे पडले की तळाची डागडुजी करावयाची, अशी तिची योजना. ही गोदी आंग्र्यांच्या काळची. किल्ला, खाडी आणि गोदी ही तिन्ही एका ठिकाणी असणे, हे त्या काळच्या भाग्यवान बंदरांनाच लाभत असे.

या आरमाराची जहाजे मुख्यतः दोन प्रकारची असत : गुराब आणि गलबत. इंग्रजी युद्धनौकेशी त्यांची तुलना केली की ती लहान आणि दुबळी वाटतात. पण ती ज्या कामासाठी बांधली होती ते काम लक्षात घेतले पाहिजे. गुराब हे दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पुढे लांब निघालेली आणि खाली उतरलेली असे. त्या नाळेवरून थेट पुढे मारा करता येईल अशा दोन मोठ्या तोफा बसविलेल्या असत. बाजूच्या तोफा त्याहून लहान. गलबत त्याहून बरेच लहान, साधारण सत्तर टनांच्या आतले. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की शिडाचे मोठे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी डुलत राहते. त्या वेळी गलबते वल्ह्यांनी गुराबांना ओढीत शत्रूच्या पाठीमागे नेत. युरोपी जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत, पिछाडी तेवढी उघडी. तेथून गुराबा नाळेच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या आणि दोरखंड मोडीत. जहाज पांगळे झाले की चारही बाजूंनी गलबते त्याला चिकटत आणि प्रत्येकावरचे शे-दोनशे लोक हाती तलवारी घेऊन वर चढत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा असे जे प्रमाण सांगितले आहे, त्यामागे हीच युद्धरीती असली पाहिजे. वाऱ्याच्या भरात, खोल समुद्रात, तोफांची तोफांशी गाठ पडली तर हे आरमार हरणार. किनाऱ्याजवळ, पहाटेच्या पडत्या वाऱ्यात, एकट्यादुकट्या जहाजाला गाठले तर ते जिंकणार. धुळपांची सारी कारकीर्द या एका सूत्रात सांगता येते.

त्यातील पहिल्या बाजूचा अनुभव लवकरच आला. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि इंग्रज-मराठे युद्ध जुंपले. १७७५ च्या फेब्रुवारीत कमोडोर मूरच्या हाताखालील ‘रिव्हेंज’ आणि ‘बाँबे’ या जहाजांनी विजयदुर्गाच्या बाजूला पेशव्यांच्या आरमाराला गाठले. बाकीची जहाजे निसटली. ‘समशेरजंग’ हे सेहेचाळीस तोफांचे सर्वांत मोठे जहाज मात्र ‘रिव्हेंज’च्या तावडीत सापडले. काही तास झुंज चालली आणि अखेर दारूच्या कोठाराला आग लागून ‘समशेरजंग’ आपल्या शेकडो लोकांसह उडाले. एवढे मोठे जहाज बांधण्यामागे इंग्रजांच्या तोडीस तोड होण्याची आकांक्षा होती. ती आकांक्षा चूक होती असे म्हणवत नाही. पण तोफखान्याचे शिक्षण, गोळ्याची आणि दारूची प्रत, खोल समुद्रातील नौकानयन या सर्वांचे पाठबळ नसताना नुसते जहाज मोठे करून भागत नाही.

यानंतर आठ वर्षांनी जो प्रसंग आला त्याची पार्श्वभूमी म्हैसूरकडे शोधावी लागते. १७८० मध्ये नाना फडणीस, हैदर आणि निजाम यांनी इंग्रजांविरुद्ध एक मसलत उभी केली होती. ती फार काळ टिकली नाही. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ च्या मे महिन्यात सालबाई येथे इंग्रज आणि पेशवे यांच्यात तह ठरला. त्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई पेशव्यांना परत मिळावयाची होती, आणि हैदराने जिंकलेला इंग्रजी मुलूख व पकडलेले कैदी त्याला परत करावयास लावण्याची जबाबदारी पेशव्यांच्या गळ्यात घालण्यात आली होती. कालचा मित्र आज परका करावा, हे नानांना रुचणारे नव्हते. ते तहावर सही करण्यास महिनोन्‌महिने चालढकल करीत राहिले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला. तेव्हा कोठे नानांनी तह मान्य केला, आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये मान्यतेच्या प्रतींची अदलाबदल झाली.

इकडे पश्चिम किनाऱ्यावर मुंबईकरांचे सैन्य हैदराच्या मुलखात उतरले होते. हैदराला आरमाराची हौस फार. परंतु मंगळूर बंदरातील त्याची जहाजे ॲडमिरल ह्यूजने १७८० च्या डिसेंबरातच बुडविली होती, त्यामुळे इंग्रजांना किनाऱ्यावर पाहिजे तेथे फौज उतरविता येत असे. जनरल मॅथ्यूज याने घाट चढून जानेवारी १७८३ मध्ये बेदनूर घेतले. हैदराचा तेथील सुभेदार अयाझ याने ते शहर जवळजवळ न लढताच स्वाधीन केले. बेदनूरचा खजिना मोठा होता, आणि त्या खजिन्यावरून मॅथ्यूज व त्याचे अधिकारी यांच्यात वितुष्ट आले. कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन आणि मेजर शॉ हे तिघे तक्रार घेऊन मुंबईस गेले. हे तिघे सामान्य अधिकारी नव्हते. मॅक्लाउड स्कॉटलंडजवळच्या स्काय बेटावरील मॅक्लाउड कुळाचा प्रमुख. आदल्या नोव्हेंबरात पोन्नानीजवळ टिपूचा हल्ला त्याने परतविला होता. हंबरस्टनने १७८२ मध्ये मलबारात हैदराच्या फौजेचा पराभव केला होता आणि त्याने अद्याप तिशी गाठली नव्हती. मुंबईच्या कौन्सिलने तक्रार ऐकून मॅथ्यूजला दूर केले, मॅक्लाउडला सेनापतिपद दिले आणि सर्वांना परत रवाना केले. ५ एप्रिल १७८३ रोजी ते मुंबईहून ‘रेंजर’ नावाच्या बारा तोफांच्या जहाजातून निघाले. जहाजाचा कप्तान होता लेफ्टनंट प्रुएन.

८ एप्रिलच्या पहाटे विजयदुर्गाच्या टापूत ‘रेंजर’समोर मराठी आरमार उभे ठाकले. दोन मोठी जहाजे, एक मध्यम आणि आठ गलबते, असा आनंदरावांचा ताफा होता. एकीकडे अकरा आणि दुसरीकडे एक; हा सामना विषम होता, हे कबूल केलेच पाहिजे, आणि ‘रेंजर’वरच्या लोकांनी ज्या निकराने तो दिला त्याचे कौतुक करण्यात मराठी माणसाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. परंतु वर सांगितलेली सारी युद्धरीती येथे जशीच्या तशी फळाला आली, हेही तितकेच खरे. मोठी जहाजे येऊन ‘रेंजर’च्या कुशींना भिडली, गलबतांनी वेढा दिला आणि मराठे जहाजावर चढण्याचा पुनःपुन्हा यत्न करू लागले. जमिनीवर पलटणी चालविणारे कर्नल बंदुका घेऊन शिपायांप्रमाणे लढले. काही तासांनी, जहाजावर धडधाकट माणसे फार थोडी उरली तेव्हा ‘रेंजर’ने निशाण उतरविले. मेजर शॉ ठार झाला होता. मॅक्लाउड जखमी होता. हंबरस्टनच्या छातीतून गोळी गेली होती. जहाज, कैदी आणि जखमी यांना घेऊन आनंदराव विजयदुर्गास परतले. तेथे ३० एप्रिल रोजी हंबरस्टन मरण पावला.

लढाई आनंदरावांनी जिंकली; खरा पेच त्यानंतर उभा राहिला. मुंबईकरांनी पुण्याकडे तक्रार केली की, तह झाला असताना पेशव्यांच्या आरमाराने आमचे जहाज धरले, आमचे सरदार मारले. इंग्रजी इतिहासकारांनी तर या प्रकरणाला चांचेगिरीचेच नाव दिले. हा आरोप नीट तपासून पाहिला पाहिजे. तह ठरला ग्वाल्हेरकडे, मान्य झाला पुण्यात. दर्यावरच्या सुभेदारापर्यंत तो पोहोचावयाचा म्हणजे पुण्याहून हुजूरची पत्रे घाट उतरून विजयदुर्गास यावयाची आणि तेथून मचव्याने समुद्रावर फिरणाऱ्या ताफ्याकडे जावयाची. युरोपातील राजे आपसांत तह करीत तेव्हाही दूरच्या समुद्रावर तो अमुक आठवड्यांनंतर लागू होईल अशी मुदत घालीत. कारण बातमीला लागणारा वेळ त्यांनाही ठाऊक होता. आणि सुभेदाराचे कामच मुळी असे की, दस्तक नसलेले शत्रूचे हत्यारबंद जहाज आपल्या टापूत दिसले की ते अडवावयाचे. कालपर्यंत इंग्रज शत्रू होते. ‘समशेरजंग’ची आठवण आठ वर्षांचीच होती. जोपर्यंत हुजूरचा स्पष्ट हुकूम हाती नाही तोपर्यंत आनंदरावांनी ‘रेंजर’ला जाऊ दिले असते तर पुण्याने त्यांनाच जाब विचारला असता.

एवढे खरे की, या विजयाने नानांची स्थिती अवघड झाली. वसई आणि इतर मुलूख तहाप्रमाणे इंग्रजांकडून परत यावयाचा होता, आणि मुंबईकरांच्या हाती तो अडकवून ठेवण्यास आयते निमित्त आले. अशा वेळी मुत्सद्द्याने जे करावयाचे तेच झाले. ‘रेंजर’ आणि त्यावरील कैदी सोडून देण्यात आले. मेअखेर, पाऊस लागण्यापूर्वी, जहाज मुंबईस परत गेले. आनंदरावांच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय कडू होता. जहाज त्यांनी रक्त सांडून मिळविले होते; ते कागदाच्या एका तुकड्यावरून परत द्यावे लागले. पण आरमार राज्यासाठी असते, राज्य आरमारासाठी नसते, हे ते जाणून असले पाहिजेत; कारण हुकूम आल्यावर तो पाळला गेला, आणि सुभेदारी पुढेही त्यांच्याकडेच राहिली.

आता म्हैसूरकडे काय झाले ते पाहू. ‘रेंजर’ पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ एप्रिल रोजी, टिपू मोठी फौज आणि फ्रेंच तुकडी घेऊन बेदनूरसमोर हजर झाला. त्याने घाट रोखून समुद्राकडची वाट तोडली. नवा सेनापती विजयदुर्गात कैद, जुना सेनापती बेदनूरात कोंडलेला, अशी इंग्रजांची अवस्था झाली. एप्रिल सरता सरता मॅथ्यूज शरण आला. शरणागतीच्या अटींवरून पुन्हा वाद झाला, टिपूने त्याला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना कैद केले आणि मॅथ्यूजचा शेवट श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात झाला. तेव्हा असे म्हणण्याचा मोह होतो की, विजयदुर्गाजवळच्या त्या एका सकाळीने बेदनूर टिपूला परत मिळवून दिले. हा मोह आवरलेला बरा. मॅक्लाउड सुखरूप गेला असता तरी ९ तारखेच्या आत तो किनाऱ्याला लागून घाट चढून बेदनूरात पोहोचणे शक्य नव्हते. मात्र तो बाहेर, किनाऱ्यावर, मोकळा असता तर मंगळूरच्या शिबंदीला त्या वसंतात एक कर्तबगार सेनापती मिळाला असता, एवढे निश्चित म्हणता येते. सुटका झाल्यावर तोच मॅक्लाउड मंगळूरच्या वेढ्यात कुमक घेऊन आला, आणि वर्षअखेरीस त्याने कण्णूर घेतले. मंगळूरच्या शिबंदीने १७८४ च्या जानेवारीत शरणागती पत्करली. मार्चमध्ये तह झाला, आणि श्रीरंगपट्टण, बंगळूर इत्यादी किल्ल्यांतले जे इंग्रज कैदी जिवंत उरले होते ते बाहेर आले. याची एक बाजू विशेष आहे. सालबाईच्या तहाने पेशव्यांकडून हैदराविरुद्ध जे काम करून घेण्याचा इंग्रजांचा बेत होता, त्याच्या नेमके उलट काम पेशव्यांच्या आरमाराच्या हातून, नकळत, घडले.

आठ वर्षांनी पट पुन्हा पालटला. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या. टिपूविरुद्ध आता इंग्रज आणि मराठे एका छावणीत होते.

आनंदरावांनंतर सुभेदारी त्यांच्या घराण्यात चालली. आरमार मात्र वर्षानुवर्षे क्षीण होत गेले. पुण्याचे लक्ष उत्तरेकडे, निजामाकडे आणि पुढे आपसांतील कलहाकडे लागलेले. दर्याच्या खात्याला पैसा मिळेना. पैसा नाही म्हणजे साग नाही, काथ्या नाही, दारूगोळा नाही आणि खलाशांचा मुशाहिरा नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि विजयदुर्ग इंग्रजांच्या स्वाधीन झाला तेव्हा त्या खाडीत लढण्याजोगे फारसे काही उरले नव्हते.

धुळपांचा वाडा विजयदुर्गच्या परिसरात आहे. गिऱ्ये येथील रामेश्वराच्या देवळाशी घराण्याचा जवळचा संबंध. देवळासमोर जहाजाची एक जुनी डोलकाठी उभी आहे. धुळपांनी पकडलेल्या पोर्तुगीज जहाजाची ती असल्याचे तेथील लोक सांगतात. खाडीच्या आत ती खडकात खोदलेली गोदी गाळाने बरीचशी भरून आलेली आहे, आणि भरतीचे पाणी अजून तिच्यात चढते.